एक हत्ती आणि तीन लेख

वाचकहो, या पानावर आपण बहुधा कथासंग्रह, नाटक, कीर्तन किंवा कोणाच्या आठवणींचे पुस्तक यांची चर्चा करतो. या वेळी आम्ही परीक्षणासाठी तीन शास्त्रीय लेख घेतले आहेत. हे लेख कथेसारखे वाचायचे नसतात हे खरे, पण त्यांतूनच पुढे कथा तयार होते आणि ती वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून, शाळेच्या सहलीतून आपल्या नातवंडांपर्यंत पोचते. कथा तपासायची तर मूळ लेख वाचले पाहिजेत. तिन्ही लेख इंग्रजीत आहेत आणि संगणकावर कोणालाही फुकट वाचता येतात. आमच्या नातीने ते मोठ्या अक्षरांत छापून दिले, एवढे तिचे ऋण येथेच मान्य करतो.

निमित्त असे. २०२२ च्या ऑगस्टअखेर बातमी आली की किब्बुत्स रेवादीमजवळ हत्तीचा एक अखंड सुळा सापडला. लांबी २.६ मीटर, वजन सुमारे १५० किलो, वय अंदाजे ५ लाख वर्षे. तेव्हापासून घराघरांत एक गोष्ट सांगितली जाते: आदिमानवाने हत्ती मारले, हत्ती खाल्ले, हत्ती संपले, म्हणून माणूस बदलला. चार वाक्यांत चार लाख वर्षे आटोपली! यांतले कोणते वाक्य पायावर उभे आहे आणि कोणते हवेत, हे पाहणे हाच या परीक्षणाचा हेतू.

जागा आणि जनावर

पहिल्या आणि तिसऱ्या लेखाची जागा एकच आहे, गेशेर बनोत याकोव्ह. म्हणजे याकोबाच्या मुलींचा पूल. गालीलहून गोलानकडे जाताना यार्देन नदी येथे ओलांडावी लागते. बसमधून जाताना आपल्यातल्या अनेकांनी हा पूल पाहिला असेल, पण त्याच्या खालच्या बाजूचा काठ पाहिला नसेल. १९३० च्या दशकात नव्या पुलाच्या कामाच्या वेळी तेथे जुनी हाडे आणि दगडी हत्यारे वर आली. पुढे १९८९ ते १९९७ या काळात हिब्रू विद्यापीठाच्या प्रा. नामा गोरेन-इन्बार यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले.

तेथील गाळ हा जुन्या हुला तळ्याच्या काठाचा. तळे वाढले, आटले, पुन्हा वाढले आणि प्रत्येक वेळी चिखलाचा, वाळूचा, शिंपल्यांचा एकेक थर बसत गेला. आपल्याकडे पेटाऱ्यात लुगडी एकावर एक ठेवत, तसे. पण हा पेटारा कलंडला आहे. आपली दरी जमिनीच्या मोठ्या भेगेवर असल्याने थर तिरपे झाले आणि पुढे यार्देनने ते कापून उघडे केले. गाळ सदैव ओला राहिल्याने त्यात हवा शिरली नाही, म्हणून लाकूड, साली, बिया, फळांची टरफले टिकली. इतके जुने लाकूड जगात फार थोड्या ठिकाणी मिळते.

वय कसे कळले? पृथ्वीचे चुंबकत्व मधून मधून उलटते. शेवटचा उलटा फेर सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाला. त्याआधी होकायंत्र असते तर त्याची सुई दक्षिणेकडे वळली असती. गाळ बसताना त्यातील लोहाचे कण त्या त्या वेळची दिशा धरून बसतात. येथील थरांत ही उलटण्याची खूण सापडली. वर्गात होकायंत्र दाखवताना हे उदाहरण द्यावे असे आम्हांला फार वाटते.

आता जनावर. हा हत्ती आजच्या हत्तीपेक्षा बराच मोठा. सुळे फारसे वळलेले नसत, म्हणून त्याला सरळ सुळ्यांचा हत्ती म्हणतात. शास्त्रीय नाव पॅलिओलॉक्सोडॉन अँटिक्वस. मोठा नर खांद्यापाशी ४ मीटरपर्यंत भरे, म्हणजे आपल्या खोलीच्या छताहून पुष्कळ उंच.

आपल्या वाचकांना या जनावराचे एक नाते सांगितले पाहिजे. त्याचा सख्खा भाऊबंद भारतात नर्मदेच्या गाळात सापडला. फॉकनर आणि कॉटली या दोघांनी १८४० च्या दशकात त्याला नदीवरूनच 'नमाडिकस' हे नाव दिले. पुढे तसाच हत्ती गोदावरीच्या गाळात, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरजवळ मिळाला आणि भूशास्त्रज्ञ पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये त्याच्यावर लेख लिहिला. त्या लेखाच्या मथळ्यात त्यांनी 'अँटिक्वस' आणि 'नमाडिकस' ही दोन्ही नावे एकत्र घातली होती. दोन्ही एकच की वेगळे, यावर विद्वानांनी शंभर वर्षे वाद घातला. आज बहुतेक जण त्यांना जवळचे पण वेगळे मानतात. शब्दांचेही असेच आहे. हिब्रूत हत्ती म्हणजे पील, आणि मराठीत हत्ती बांधण्याची जागा म्हणजे पीलखाना. फारसीच्या वाटेने आलेला शब्द आमच्या लहानपणी कानावर होता. या देशात आल्यावर पील शब्द पाठ करावा लागला नाही!

पहिला लेख: उलटी कवटी

पहिला लेख १९९४ सालचा, 'पॅलेओरियाँ' या नियतकालिकातला. लेखक चौघे: नामा गोरेन-इन्बार, हत्तींचे जाणकार एड्रियन लिस्टर, लाकडाच्या अभ्यासक एला वेर्कर आणि मिखाल चेख. विषय एका थरात सापडलेली हत्तीची कवटी.

कवटी उलटी पडली होती, माथा खाली आणि तळ वर. तळाचा भाग फोडलेला होता. कवटीखाली ओक म्हणजे अलोनच्या झाडाचा एक ओंडका होता, जवळ बेसाल्टचा मोठा धोंडा होता आणि भोवती दगडी हत्यारे पसरलेली होती. बेसाल्ट म्हणजे दुसरे काही नाही, आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर. लेखकांचे म्हणणे असे की माणसांनी मेंदू काढण्यासाठी कवटी उलटवली आणि त्यासाठी ओंडक्याचा पहारेसारखा उपयोग केला.

या लेखात आम्हांला सर्वांत आवडली ती शीर्षकातील शब्दाची निवड. तेथे कवटीला 'कापलेली' म्हटले आहे, 'शिकार केलेली' नव्हे. शिकाऱ्याचे काम वेगळे आणि खाटकाचे काम वेगळे. मोडलेल्या कवटीवरून खाटकाचे काम कळते. जनावर कसे मेले ते कळत नाही. ते चिखलात रुतले असेल, म्हातारे झाले असेल, वाघ-सिंहाने पाडले असेल किंवा माणसाने मारलेही असेल. पुरावा जेथे थांबला तेथे शब्दही थांबला. पुढे हीच कवटी बातम्यांत आणि सहलींच्या माहितीत गेली तेव्हा भाल्यांनी घेरलेल्या हत्तीचे चित्र रंगवले गेले. तो दोष लेखाचा नाही.

दोन तक्रारी मात्र आहेत. ओंडक्याची पहार ही कल्पना पटण्याजोगी आहे, पण तळ्याच्या काठावर वाहून आलेले लाकूड पुष्कळ असते आणि त्या गाळात तसे ते खूप सापडलेही आहे. ओंडका नेमका कवटीखाली असणे हा एकच आधार आहे. एका आधारावर मांडव घालता येतो, घर बांधता येत नाही. दुसरी तक्रार भाषेची. लेख इतका आटोपशीर आहे की तज्ज्ञ नसलेल्याला हत्ती दिसतच नाही, फक्त मोजमापे दिसतात. चार ओळींत त्या तळ्याचे, त्या काठाचे वर्णन आले असते तर काय बिघडले असते? विद्वान साधे वर्णन टाळतात तेव्हा ती जागा बातमीदार भरतो आणि तो आपल्या मनाने भरतो.

दुसरा लेख: चरबीचा हिशेब

दुसरा लेख २०११ च्या डिसेंबरमध्ये 'प्लॉस वन'मध्ये आला. लेखक मिकी बेन-दोर, आवी गोफेर, इस्राएल हर्शकोविट्झ आणि रान बरकाई, चौघेही तेल अवीव विद्यापीठाचे. नाव मोठे धीट आहे, 'चरबीचा शिकारी माणूस'. घरोघरी सांगितली जाणारी ती चार वाक्यांची गोष्ट मुख्यतः येथून निघाली.

लेखाचा युक्तिवाद समजायला सोपा आहे. माणसाचे शरीर नुसत्या मांसावर चालत नाही. प्रथिने एका मर्यादेपलीकडे पचत नाहीत. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातील प्रवाशांना हे ठाऊक होते. नुसत्या सशाच्या कोरड्या मांसावर राहणारा माणूस पोटभर खाऊनही खंगत जातो. उरलेली शक्ती चरबीतून किंवा वनस्पतींतून मिळवावी लागते. लेखकांच्या मते त्या काळच्या माणसाला, म्हणजे होमो इरेक्टसला, वनस्पतींतून पुरेशी शक्ती मिळणे अवघड होते. म्हणून चरबी हवी, आणि चरबीचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे हत्ती. सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी आपल्या भागातून हत्ती नाहीसे झाले. तेव्हा पुष्कळ लहान, चपळ जनावरे पकडावी लागली. ते काम जुन्या माणसाला जमेना, आणि त्याच्या जागी अंगाने हलका, डोक्याने तल्लख असा नवा माणूस आला. रोश हाआयीनजवळची केसेम गुहा हा त्यांचा मुख्य पुरावा. तेथे हरणांची हाडे विपुल, हत्तीचे नाव नाही.

शनिवार तेल्यांच्या वंशजांना स्निग्ध पदार्थाचे महत्त्व कोणी शिकवायला नको. तेव्हा हा लेख वाचताना आम्हांला लेखकांबद्दल आधीपासूनच ममता वाटली, हे लपवत नाही. थट्टा बाजूला ठेवली तरी लेखाचे मोठेपण मान्य केले पाहिजे. जुन्या हाडांकडे पाहून 'हे कोणते जनावर' एवढेच विचारण्याची रीत होती. या चौघांनी विचारले, 'यातून किती जणांचे पोट भरले?' प्रश्न नवा होता आणि शहाणपणाचा होता. पुढे त्याला बळही मिळाले. रेवादीम येथील एका हातकुऱ्हाडीवर आणि एका खरवडणीवर चरबीचे अंश सापडले. तेथेच हत्तीच्या बरगडीवर कापल्याच्या खुणा मिळाल्या. हा शोध २०१५ मध्ये छापला गेला. तेव्हा 'हत्ती खाल्ले' हे वाक्य पायावर उभे आहे.

'हत्ती संपले, म्हणून माणूस बदलला' हे वाक्य मात्र आम्हांला पायावर दिसत नाही. कारणे तीन.

पहिले कारण, गुहा आणि उघडे मैदान यांची तुलना. हत्ती जेथे पडतो तेथेच कापतात. त्याची कवटी कोणी गुहेत वाहून नेत नाही. मांस नेतात, आणि मांसाची खूण लाखो वर्षे टिकत नाही. लेखकांना ही शंका सुचलेली आहे. ते म्हणतात की फक्त केसेममध्येच नव्हे, त्या काळानंतरच्या आपल्या भागातील इतर जागांतही हत्ती नाही.

येथेच दुसरे कारण येते, ते म्हणजे होलोन. होय, आपले तेल अवीवला लागून असलेले होलोनच. तेथे १९६० च्या दशकात झालेल्या उत्खननात सरळ सुळ्यांच्या हत्तीची हाडे मिळाली, आणि त्या थरांचे वय सुमारे २ लाख वर्षे असल्याचे मोजमाप १९९९ मध्ये छापले गेले. ते मोजमाप बरोबर असेल तर हत्ती ४ लाख वर्षांपूर्वी संपला नव्हता. चूक असेल तर ते दाखवण्याचा भार सिद्धांत मांडणाऱ्यावर आहे. वयाचा हा वाद विद्वानांत चालू आहे. एवढी मोठी इमारत ज्या विटेवर उभी आहे, ती वीटच हलते आहे हे बातम्यांत कोणी सांगत नाही.

तिसरे कारण आपल्या म्हणीतच आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. दोन गोष्टी एका सुमारास घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही. शिवाय येथे 'एका सुमारास' याचा अर्थ हजारो वर्षांचे अंतरही असू शकते. एखाद्या विद्यार्थ्याने इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत असे कारण लिहिले असते तर आम्ही समासात 'कशावरून?' असे लिहून अर्धे गुण दिले असते. कल्पकतेचे अर्धे गुण आम्ही या लेखालाही देतो, आणि तेही आनंदाने.

तिसरा लेख: मखाणे

आता तिसरा लेख. हा २०१४ सालचा, 'इंटरनेट आर्किऑलॉजी'मधला. यात हत्ती नाही, आणि म्हणूनच आम्ही तो घेतला.

लेखक पाच. पुन्हा नामा गोरेन-इन्बार, त्यांच्याबरोबर योएल मेलामेद आणि इरित झोहार, आणि भारतातून कुमार अखिलेश व शांती पप्पू. शांती पप्पू म्हणजे तमिळनाडूत अत्तिरमपक्कम येथे आदिमानवाची फार जुनी वस्ती खणणाऱ्या संशोधिका. विषय मखाणे! आज मराठी घरांत चिवड्यात आणि खिरीत घालतात तेच. हिवाळ्यात आपल्या येथे भारतीय वाणसामानाच्या दुकानांतही मिळतात.

गेशेर बनोत याकोव्हच्या त्याच गाळात, जेथे हत्तीची कवटी मिळाली तेथे, मखाण्याच्या काटेरी कमळाच्या बिया सापडल्या. शिंगाडेही सापडले. शेजारच्या हिंदू घरांत उपवासाला ज्याच्या पिठाचा शिरा होई तोच शिंगाडा. त्यांच्याबरोबर रानबदाम, पिस्त्याच्या जातीची फळे, ओकची फळे. आणि सोबत खळगे पडलेले दगड, ज्यांवर कठीण कवचाची फळे ठेवून फोडत असावेत. हे २००२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. २००४ मध्ये त्याच जागी विस्तवाच्या खुणा असल्याचे जाहीर झाले.

मखाण्याचे कमळ आज इस्राएलमध्ये कोठेही उगवत नाही. मग ही बी तळाच्या चिखलातून काढायची कशी, सोलायची कशी, खायची कशी, हे विचारायचे कोणाला? हे संशोधक बिहारला गेले. तेथे मल्लाह समाजाची माणसे तळ्यात बुडी मारून तळाच्या बिया गोळा करतात, धुतात, वाळवतात, लोखंडी कढईत भाजतात आणि गरम असतानाच लाकडी मोगरीने ठोकून त्यांची लाही करतात. पाने काटेरी, पाणी गढूळ, बी निसटती. प्रत्येक पायरीला हात सरावलेला लागतो. संशोधकांनी एकेक पायरी लिहून घेतली आणि मग यार्देनच्या गाळाला विचारले: यातली कोणती खूण तुझ्यापाशी आहे? बिया आहेत. विस्तव आहे. खळग्याचे दगड आहेत. पाण्यात उतरणाऱ्या माणसाची दुसरी साक्ष म्हणून माशांची हाडे आहेत.

येथेही तक्रार आहे. बिहारचा आजचा माणूस आणि साडेसात लाख वर्षांपूर्वीचा माणूस यांच्यामध्ये लोखंडी कढईच काय, सगळी भांडीकुंडी उभी आहेत. आज असे करतात म्हणून तेव्हाही असेच करत, असे म्हणता येत नाही. बुडी मारल्याची खूण गाळात राहत नाही. वाचताना हे सतत ध्यानात ठेवले पाहिजे. पण या लेखाची रीत आम्हांला दुसऱ्या लेखापेक्षा भरवशाची वाटते. दुसरा लेख, जे सापडले नाही त्यावर उभा आहे. तिसरा, जे सापडले त्यावर.

हा लेख वाचल्यावर पहिल्या लेखातील हत्तीही वेगळा दिसू लागतो. त्याच जागी ज्या जनावराची हाडे सर्वांत पद्धतशीर कापलेली सापडली ते हत्ती नसून हरीण आहे, आजच्या हिब्रूतले यहमूर. हे २००८ मध्ये छापून आले. २०२२ मध्ये त्याच जागच्या माशांच्या घशातील दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ते मासे मंद विस्तवावर शिजवलेले होते असे दिसले. मासे रोहू-कटल्याच्या कुळातले, मोठे आणि खवल्यांचे. आमच्या वाचकांपैकी कोणी ना कोणी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. हत्ती कोशर नाही, यहमूर आहे आणि ते मासेही आहेत. त्या माणसांना याची फिकीर नव्हती, पण त्यांच्या रोजच्या ताटातले बरेचसे आपल्याला चालले असते!

तेव्हा ज्या माणसाला आपण 'हत्तीवर जगणारा' म्हणतो, तो हत्ती समोर असतानाही मासे भाजत होता, बदाम फोडत होता, शिंगाडे आणि मखाणे गोळा करत होता. हत्ती म्हणजे सणाचे जेवण असेल, पण घर चालत होते ते बाकीच्या गोष्टींवर. दुसऱ्या लेखाने वनस्पतींना जी मागची जागा दिली तिच्यावर ही जागा स्वतःच आक्षेप घेते.

जे उरले नाही

या तीन लेखांच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट लिहिणे आवश्यक आहे. १९९९ च्या डिसेंबरमध्ये यार्देनचे पात्र खोल करण्यासाठी या जागी यंत्रे घालण्यात आली. पूर टाळण्याचे काम होते, पण नदीकाठचे जुने थर खरवडून काढले गेले. हाडे आणि हत्यारे मातीच्या ढिगांत मिसळली. अभ्यासकांनी नुकसानीची नोंद करून ती छापली. ढिगातली हातकुऱ्हाड अजूनही हातकुऱ्हाडच आहे. पण ती कशाच्या शेजारी होती हे कळत नाही. कवटीखालचा ओंडका ओंडका म्हणून महत्त्वाचा नव्हता, कवटीखाली होता म्हणून महत्त्वाचा होता. शेजार गेला की अर्थ जातो.

हुला तळ्याचेही तसेच. १९५० च्या दशकात दलदल घालवण्यासाठी ते कोरडे करण्यात आले. शेतीला जमीन हवी होती, हिवताप हटवायचा होता, आणि त्या वेळी सर्वांना ते योग्यच वाटले. १९९४ मध्ये त्याचा थोडा भाग पुन्हा पाण्याखाली आणला. गोरेन-इन्बार यांचा कवटीवरचा लेखही त्याच वर्षीचा. तळ्याचे जुने जीवन जाणून घ्यायला मात्र त्यांना बिहारच्या तळ्यावर जावे लागले.

आता निकाल. तीन लेखांपैकी पहिला सर्वांत प्रामाणिक, दुसरा सर्वांत धीट आणि तिसरा सर्वांत उपयोगी. नातवंडांना एकच द्यायचा असेल तर तिसरा द्यावा, पहिला त्यांना वाचून दाखवावा आणि दुसऱ्यावर त्यांच्याशी वाद घालावा. सुळ्याच्या चित्रासाठी मुले येतील, यात वावगे काही नाही. हत्ती पाहिल्यावर म्हणायची बेराखा आपल्या गमारात सांगितलीच आहे, कारण हे जनावर पाहून माणूस थांबतोच. पण थांबल्यावर मुलांचे लक्ष त्याच्या पायाशी पडलेल्या टरफलांकडे न्यावे.

तिसऱ्या लेखाबद्दल शेवटचे एक, आणि ते आपल्या वयाच्या वाचकांसाठी. त्या लेखाचा खरा आधार विद्यापीठात नव्हता. तो पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांच्या हातांत होता. ते काम करणारे कोणी उरले नसते तर यार्देनकाठचा खळग्याचा दगड मुकाच राहिला असता. कोकणात आपल्या वाडवडिलांचे घाणे चालत. बैल कसा जुंपत, तीळ केव्हा ओले करत, पेंड केव्हा काढत, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले अशी माणसे आपल्यात आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असतील तर त्यांनी आपल्याला जे आठवते ते, पायरीपायरीने, मराठीत किंवा हिब्रूत लिहून पाठवावे. लिहिता येत नसेल तर नातवंडाला सांगून लिहवून घ्यावे. घाण्याचा दगड कोठेतरी अंगणात पडलेला असेल. तो कशासाठी होता हे विचारायला कोणी आले, तर सांगायला काहीतरी हवे.